बांध घातलेले खाजण पुन्हा भरतीखाली आणताना आधी रोपे लावावीत की आधी पाणी आणावे?

ओलीजमीन (प्रश्न)

नमस्कार. किनाऱ्यालगतच्या सुमारे ४० हेक्टर बिघडलेल्या पाणथळ जागेच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा तयार करणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करतो. ही जागा मुळात खाडीच्या भरती-ओहोटीखालचे खाजण होती. काही दशकांपूर्वी शेतीसाठी तिला मातीचा बांध घालण्यात आला. ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी बाहेर जावे, पण भरतीचे पाणी आत येऊ नये, यासाठी एकाच बाजूला उघडणारी झडप असलेली उघाडीही बसवण्यात आली. पुढे शेती बंद पडली, उघाडी गाळाने बुजली आणि जमीन ना धड समुद्राची राहिली ना धड शेतीची. आज तिचा उंच भाग कोरडा, भेगाळलेला आणि वर क्षार फुललेला असा आहे, तर सखल भागात साचलेल्या मचूळ पाण्यात पाणकणीस माजले आहे. बांधाच्या बाहेर खाडीच्या बाजूला मात्र खारफुटीचा अरुंद पण निरोगी पट्टा अजून टिकून आहे.

आमच्यापुढील प्रस्तावात पहिल्याच वर्षी खारफुटीची एक लाख रोपे लावण्याचे उद्दिष्ट आहे. रोपांची संख्या मोजता येते, छायाचित्रात दिसते आणि अहवालात लिहिता येते, त्यामुळे निधी देणाऱ्यांना हा मार्ग पसंत आहे. मला स्वतःला शंका आहे ती अशी की, ज्या कारणामुळे ही जागा बिघडली ते कारण, म्हणजे बांध, तसेच ठेवून केलेली लागवड कितपत तगेल? बांध फोडायचा ठरवला तर तो कुठे आणि किती रुंद फोडावा, हे ठरवण्याची काही रीत आहे का?

दुसरी शंका प्रस्तावाच्या उद्देशाबद्दल आहे. त्यात वन्यजीव आणि हवामान हे दोन्ही लाभ एकाच वाक्यात, जणू ते एकमेकांबरोबर आपोआप मिळणारच, अशा पद्धतीने लिहिले आहेत. सखल भागातील उथळ पाण्यावर हिवाळ्यात शेकाट्या, तुतवार आणि टिलवे यांचे मोठे थवे येतात. सगळीकडे खारफुटी वाढली तर हे पक्षी कुठे जातील? आणि कार्बन साठण्याचा जो लाभ सांगितला जातो, तो खरोखर किती असतो आणि कधीपासून मिळू लागतो? या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

भरतीरेषा

लागवड पहिल्या वर्षी आणि बांधाचा विचार नंतर, असा क्रम असेल तर तो प्रस्ताव आधी कळस मग पाया या पद्धतीने लिहिला गेला आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. खारफुटी कुठे उगवेल हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: त्या ठिकाणची जमीन भरतीच्या तुलनेत किती उंचीवर आहे आणि त्यामुळे ती दिवसातून व महिन्यातून किती वेळ पाण्याखाली राहते. साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या भरतीच्या पातळीपर्यंतचा पट्टा खारफुटीचा असतो. त्याच्या खाली रोप बुडून मरते आणि वर ते कोरडे पडते किंवा दुसऱ्या वनस्पतींकडून हरते.

हे न पाहिल्याने काय होते याची उदाहरणे दुर्दैवाने भरपूर आहेत. फिलिपिन्समधील मोठ्या खर्चाच्या लागवडींचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दीर्घकाळ तगलेल्या रोपांचे प्रमाण साधारण १० ते २० टक्केच असल्याचे दिसले. खारफुटीला योग्य अशी मधली आणि वरची पातळी मत्स्यतळ्यांनी व्यापलेली होती, म्हणून रोपे खालच्या, जवळजवळ सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावली गेली. शिवाय तिथे नैसर्गिकपणे प्रथम येणाऱ्या जातींऐवजी, हाताळायला सोपी म्हणून कांदळाच्या कुळातील रोपे निवडली गेली. श्रीलंकेतील २३ ठिकाणांच्या लागवडीचा अभ्यास २०१७ मध्ये आला, आणि त्यातील ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. याउलट फ्लोरिडातील वेस्ट लेक येथे खारफुटी पुनरुज्जीवनाचे तज्ज्ञ रॉय लुइस यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० च्या दशकात जमिनीची पातळी दुरुस्त करून भरतीचा मार्ग मोकळा करण्यात आला. तिथे लागवड करावीच लागली नाही, कारण बिया पाण्याबरोबर आपोआप आल्या. आपल्या बांधाबाहेर निरोगी पट्टा आहे, म्हणजे बियांचा पुरवठा दारातच उभा आहे.

म्हणून पहिला खर्च पातळी-मोजणीवर करावा. बाहेरील निरोगी पट्ट्यातील प्रत्येक जातीची झाडे कोणत्या उंचीवर उभी आहेत ते सेंटिमीटरपर्यंत मोजावे आणि त्याच संदर्भबिंदूवरून आतल्या जमिनीचा नकाशा तयार करावा. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण बांध घातल्यापासून तिला खाडीचा गाळ मिळालेला नाही, आणि कोरडी पडलेली माती आकसते व तिच्यातील सेंद्रिय भाग कुजून नाहीसा होतो.

बांध किती फोडायचा, याचा अंदाज कागदावर बांधता येतो. समजा ४० हेक्टरवर भरतीच्या वेळी सरासरी अर्धा मीटर पाणी चढणार असेल, तर प्रत्येक भरतीला २ लाख घनमीटर पाणी आत येईल आणि ओहोटीला तेवढेच बाहेर जाईल. सव्वासहा तासांत हे घडायचे असेल तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे ९ घनमीटर होतो आणि जोर ऐन भरात असताना तो १४ च्या आसपास जातो. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा तर तोंडाचा पाण्याखालचा छेद किमान १४ ते १५ चौरस मीटर हवा. यापेक्षा अरुंद तोंड ठेवल्यास ते पाणी स्वतःच खरवडून रुंद करते, आणि ती खरवड आपल्याला हवी त्या ठिकाणी होईलच असे नाही. प्रत्यक्ष आराखड्यासाठी संगणकीय प्रतिरूप लागेलच. बाहेरच्या खाडीतून आता जादा पाणी ये-जा करणार असल्याने तिचा काठ आणि शेजाऱ्यांचे बांध यांवर काय परिणाम होईल, हेही त्यात पाहावे.

तोंडाची जागा जुन्या नैसर्गिक शिरेवर, म्हणजे भरतीचे पाणी आत-बाहेर नेणाऱ्या ओहळावर असावी. बांधापूर्वीचे नकाशे किंवा हवाई छायाचित्रे मिळाली तर आतल्या शिरांचे जाळे त्यांत दिसते, आणि पावसानंतर ओल टिकून राहणाऱ्या वळणदार पट्ट्यांवरूनही ते ओळखता येते. या शिरा थोड्या उकरून दिल्या तरी पुढचे काम भरती करते. एक गोष्ट बहुतेक आराखड्यांतून निसटते, ती म्हणजे बांधासाठी माती काढल्यामुळे त्याला आतून लागून तयार झालेला सरळ चर. तो तसाच ठेवला तर आत आलेले पाणी सोपी वाट धरून चरातूनच फिरते, मधल्या जमिनीवर पसरत नाही आणि ओहोटीला तिथून निघतही नाही. चर जागोजागी बुजवणे हे दिसायला किरकोळ पण फार महत्त्वाचे काम आहे.

एकदम फोडावा की हळूहळू उघडावा, यात माझा कल हळूहळू उघडण्याकडे आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील हेक्सहॅम दलदलीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेले पूरदरवाजे २००८ पासून टप्प्याटप्प्याने उघडण्यात आले. अमेरिकेत केप कॉडवरील हेरिंग नदीच्या मुखावर १९०९ मध्ये घातलेल्या बंधाऱ्याच्या जागी आता दरवाजे असलेला पूल बांधून भरती क्रमाक्रमाने वाढवत नेण्याची योजना आहे. दरवाजा परत लावता येतो; फोडलेला बांध परत बांधणे मात्र फार महाग पडते.

किनारपक्षी

पक्ष्यांबद्दलची आपली शंका रास्त आहे, आणि दोन्ही लाभ आपोआप एकत्र येतात हे गृहीतक मलाही मान्य नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक स्थलांतरित चिखलपक्ष्यांचा दिवस भरतीच्या घड्याळावर चालतो. ओहोटीला ते उघड्या चिखलपट्ट्यावर किडे, कृमी आणि शिंपले टिपतात. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना विश्रांतीसाठी जवळच उघडी, चहूबाजूंना नजर जाईल अशी जागा लागते. त्यांना दाट झाडी नको असते, कारण शिकारी पक्षी तिच्याआडून अचानक येतात. म्हणजे आपल्या जागेतील उथळ पाणी हे या थव्यांचे भरतीच्या वेळचे विश्रांतीस्थान असण्याची शक्यता आहे. ते नाहीसे झाले तर बाहेरचा चिखलपट्टा कितीही समृद्ध असला तरी पक्ष्यांना दूरवर उडत जाऊन यावे लागते, आणि त्यात त्यांची साठवलेली चरबी खर्च होते.

चीन आणि कोरिया यांच्यामधील पीत समुद्राच्या किनाऱ्यावर ही अडचण सर्वांत तीव्रतेने दिसली. चीनमधील यानचेंगजवळच्या त्याओझनी येथे चिखलपट्ट्यांना बांध घातल्यामुळे भरतीच्या वेळच्या जागाच संपत आल्या होत्या. २०२० मध्ये तिथे ७२० मू, म्हणजे सुमारे ४८ हेक्टर जागा केवळ भरतीच्या वेळी पक्ष्यांना टेकता यावे यासाठी पुन्हा तयार करण्यात आली, आणि चमच्यासारख्या चोचीचा अतिदुर्मीळ स्पून-बिल्ड सँडपायपरही तिचा उपयोग करतो. हाँगकाँगच्या माय पो येथे तर खारफुटीची रोपे चिखलपट्ट्यावर पसरू लागली की ती उपटून काढली जातात, आणि कोळंबीच्या जुन्या तळ्यांतील पाणी हिवाळ्यात पाळीपाळीने उतरवून पक्ष्यांना खाद्य उघडे करून दिले जाते. खारफुटी उपटणे हेही संवर्धन असू शकते, हे वाचून अनेकांना धक्का बसतो. पण प्रश्न कोणत्या जागी काय असावे याचा आहे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण भागात २००३ मध्ये मिठागरांची सुमारे ६,१०० हेक्टर जागा पुनरुज्जीवनासाठी घेण्यात आली. तिथेही सगळी तळी भरतीला खुली करायची की नाही, यावर हाच वाद झाला. शेवटी निम्मी ते ९० टक्के जागा खाऱ्या दलदलीसाठी आणि उरलेली पाण्याची पातळी राखलेल्या तळ्यांसाठी, अशी लवचिक मर्यादा ठरवून पक्षीगणनेनुसार पुढचा टप्पा घेण्याचे धोरण स्वीकारले गेले. अंतिम आकडा आधीच न ठरवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्या ४० हेक्टरांपैकी काही भाग स्वतंत्र लहान उघाडी ठेवून उथळ तळे म्हणून राखता येईल. लहान टिलव्यांना ४-५ सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्यात चरता येत नाही, शेकाट्याला १५ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि बदकांना त्याहून खोल लागते. म्हणून तळ सपाट न करता मंद उताराचा ठेवावा. बांध फोडण्याचे काम चिखल्या आणि शेकाट्या यांच्या विणीच्या काळात करू नये, कारण त्यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात आणि पहिल्याच उधाणात वाहून जातील.

बाहेरून आणलेली जलद वाढणारी गवते चिखल स्थिर करण्यासाठी सुचवली गेली तर मात्र साफ नकार द्यावा. चीनमध्ये १९७९ साली स्पार्टिना हे अमेरिकी गवत याच हेतूने आणले गेले, आणि २०२२ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय योजना जाहीर करावी लागली.

ओलीजमीन

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. प्राथमिक पातळी-मोजणी आमच्याकडे आहे, ती आधीच द्यायला हवी होती. सखल अर्धा भाग बाहेरच्या खारफुटीच्या पट्ट्यापेक्षा सुमारे ६० सेंटिमीटर खाली आहे, तर उंच भाग जवळजवळ तिच्याच पातळीवर आहे. साचलेल्या पाण्याची क्षारता पावसाळ्यानंतर हजारी ४ ते ६ भाग इतकी असते. आणखी एक निरीक्षण असे की, कोरड्या भागात हातभर खोदल्यावर मातीत वाळल्या पेंढ्याच्या रंगाचे फिकट पिवळे डाग दिसतात आणि तिथल्या चरातील पाण्यावर गंजासारखी तांबूस साय येते. याचा काही अर्थ आहे का?

मातीचाथर

अर्थ आहे, आणि तो उघाडीला हात लावण्यापूर्वी समजून घ्यायला हवा. खाजणाच्या प्राणवायूविरहित चिखलात समुद्राच्या पाण्यातील सल्फेट आणि मातीतील लोह यांच्यापासून पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज तयार होते. पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. जमीन कोरडी पडून हवा आत शिरली की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते, आणि पिवळे डाग व गंजासारखी साय ही त्याचीच लक्षणे असतात. पहिल्या मोठ्या पावसात हे आम्ल, सोबत विरघळलेले ॲल्युमिनियम आणि लोह घेऊन, खाडीत उतरले तर मासे मरतात. हेरिंग नदीत बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला असे घडलेले आहे. आधी प्रयोगशाळेतून मातीचा सामू (पीएच) तपासून घ्यावा, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सामू किती खाली येतो तेही पाहावे. यातला दुसरा आकडा मातीत अजून किती आम्ल दडलेले आहे ते सांगतो.

यावरचा उपाय बहुधा पुन्हा भरती हाच असतो, कारण समुद्राच्या पाण्यातील बायकार्बोनेट आम्ल शमवते आणि बुडालेल्या मातीत नवे आम्ल तयार होणे थांबते. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळील ईस्ट ट्रिनिटी येथे १९७० च्या दशकात उसासाठी बांध घालून कोरडी केलेली जागा अशीच आम्लधर्मी झाली होती, आणि तिथे भरतीचे पाणी नियंत्रित प्रमाणात आत घेऊन, सोबत चुना वापरून ती सुधारण्यात आली. पण तिथेही बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू मोजत मोजतच पुढे जावे लागले. म्हणून हळूहळू उघडण्याचा भरतीरेषा यांचा सल्ला आपल्या जागेसाठी केवळ सोयीचा नाही, तर अनिवार्य आहे.

आता हवामानाच्या लाभाविषयी. हा लाभ तीन वेगवेगळ्या गोष्टींतून येतो आणि प्रस्तावांत त्या नेहमी एकत्र केल्या जातात. पहिली गोष्ट नव्याने साठणारा कार्बन. खारफुटीच्या मातीत तो साठण्याचा जागतिक सरासरी वेग वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे २२६ ग्रॅम धरला जातो. म्हणजे हेक्टरी सव्वादोन टन कार्बन, किंवा साधारण ८ टन कार्बन डायऑक्साइड. तुमच्या संपूर्ण जागेसाठी तो वर्षाला सुमारे ३३० टन कार्बन डायऑक्साइड इतका होतो, आणि तोही सगळीकडे पूर्ण वाढलेली खारफुटी आहे असे मानून. दुसरी गोष्ट थांबवलेले उत्सर्जन. कोरड्या केलेल्या खाजण जमिनीसाठी आयपीसीसी या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०१३ च्या पाणथळविषयक मार्गदर्शिकेतील प्रमाण आकडा वर्षाला हेक्टरी ७.९ टन कार्बन इतका आहे, म्हणजे नव्या साठ्याच्या तिपटीहून अधिक. हा लाभ झाडे मोठी होण्याची वाट पाहत नाही. माती पुन्हा भिजली की तो सुरू होतो. अर्थात, बांध फार जुना असेल तर सहज कुजणारा भाग आधीच संपलेला असू शकतो, म्हणून तो आकडा तसाच उचलू नये.

तिसरी गोष्ट मिथेन, आणि तुमच्या बाबतीत मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. साचलेल्या, जवळजवळ गोड्या पाण्याखालच्या चिखलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जोमाने काम करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा तापवण्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट असतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. समुद्राचे पाणी आत आले की त्यातील सल्फेट वापरणारे सूक्ष्मजीव त्यांच्या वाट्याचे अन्न आधी संपवतात आणि मिथेन घटतो. क्षारता हजारी १८ भागांच्या वर गेली की दलदलींतून येणारे मिथेन सहसा नगण्य राहते. तुमच्याकडे ती ४ ते ६ आहे. म्हणजे पाणकणसाचे ते हिरवेगार डबके आज बहुधा मिथेनचा स्रोत आहे, आणि त्याला भरतीशी जोडणे ही या जागेची हवामानासाठीची सर्वांत जलद कामगिरी ठरेल. याच कारणाने, किनारपक्षी यांनी सुचवलेले राखीव तळे पावसाच्या पाण्याने न भरता भरतीच्या पाण्याने भरावे, अशी माझी विनंती आहे. पक्ष्यांना खारे पाणी चालते.

आणखी एक सावधगिरी. इंग्लंडमधील सॉमरसेट येथील स्टिअर्ट दलदलीचा बांध सप्टेंबर २०१४ मध्ये फोडण्यात आला, आणि पहिल्या चार वर्षांत तिथे हेक्टरी दरवर्षी सुमारे १९ टन सेंद्रिय कार्बन साठल्याचे मोजले गेले. हा आकडा उत्साहाने उद्धृत होतो, पण त्या खाडीचे पाणी कमालीचे गढूळ आहे आणि साठलेल्या कार्बनचा मोठा भाग गाळाबरोबर बाहेरून आलेला आहे. जो कार्बन दुसरीकडे कुठेतरी साठलाच असता, तो आपल्या खात्यावर मांडणे योग्य नाही. कार्बन पतविक्रीतून (कार्बन क्रेडिट विकून) प्रकल्प चालेल, अशी आशा ४० हेक्टरांवर ठेवू नये. नोंदणी, मोजणी आणि पडताळणी यांचा खर्च लहान जागेला झेपत नाही. केन्यातील गाझी उपसागरातील मिकोको पामोजा हा ११७ हेक्टरांचा सामुदायिक प्रकल्प २०१३ पासून वर्षाला सुमारे ३,००० टनांच्या कार्बन क्रेडिटची विक्री करतो हे खरे, परंतु त्यात उभी असलेली खारफुटी राखण्याचा वाटा मोठा आहे आणि त्यामागे अनेक वर्षांचे संशोधन आधीपासून होते.

खाडीकाठ

एवढ्या चर्चेत शेजारी कुठे आहेत? बांधाच्या आत आलेले खारे पाणी लगतच्या विहिरींत झिरपेल का, शेजारची शेते वाचवण्यासाठी लागणारा आतल्या बाजूचा दुसरा बांध कोण सांभाळणार, आणि जमीन भरतीखाली गेल्यावर तिची मालकी व मासेमारीचे हक्क कोणाचे, हे लेखी ठरवल्याशिवाय एक फावडेही मारू नये. कागदावर निर्दोष असलेले आराखडे मी याच तीन प्रश्नांवर अडकलेले पाहिले आहेत.

मच्छीमारांना सुरुवातीपासून सोबत घेतले तर त्यांचा पाठिंबा मिळण्यास आधारही आहे. ओडिशातील चिलिका सरोवराचे मुख गाळाने आकसल्यामुळे क्षारता घटली, गोड्या पाण्यातील तण पसरले आणि मासळी रोडावली. १९९३ मध्ये पाणथळींच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातील धोक्यातील स्थळांच्या यादीत त्याचे नाव गेले. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडल्यावर मासळीचे उत्पन्न वाढले आणि २००२ मध्ये ते नाव यादीतून निघाले. आपली जागा त्यामानाने चिमुकली आहे, पण माशांची पिल्ले बारीक शिरांच्या काठांवर वाढतात हे इथेही तितकेच खरे आहे. त्यासाठी तोंडाचा उंबरा इतका खाली असावा की ओहोटीला शिरा पूर्ण निथळतील आणि पिल्ले मागे डबक्यात अडकणार नाहीत.

रोपवाटिका

लागवडीची बाजू घेणारे कोणी नाही, म्हणून थोडे लिहिते. जवळपास बीज देणारी झाडे नसतील, किंवा एखादी जात त्या भागातून पूर्ण नाहीशी झाली असेल, तर लागवडीला पर्याय नसतो. इंग्लंडमधील बांध फोडून तयार झालेल्या दलदलींत कितीतरी वर्षांनीही नैसर्गिक दलदलीइतकी विविधता येत नाही, असे अभ्यास सांगतात; काही बहुवर्षायू वनस्पती मागेच राहतात. म्हणून भरती सुरू झाल्यावर दोन पावसाळे वाट पाहावी, कोणत्या जाती स्वतः आल्या ते नोंदवावे आणि ज्या आल्या नाहीत तेवढ्याच लावाव्यात. निधी देणाऱ्यांना आकडा हवाच असेल तर लावलेल्या रोपांऐवजी तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या, स्वतः रुजलेल्या आणि लावलेल्या अशा दोन्ही रोपांची हेक्टरी संख्या द्यावी. तोही मोजता येणारा आकडा आहे आणि अधिक प्रामाणिक आहे.

भरतीरेषा

नवी माहिती आल्यामुळे माझ्या आधीच्या हिशेबात बदल करावा लागेल. निम्मी जागा ६० सेंटिमीटर खाली असेल, तर सरासरी खोली अर्ध्या मीटरऐवजी ८० सेंटिमीटरच्या जवळ जाईल, भरतीला येणारे पाणी ३ लाख घनमीटरांपलीकडे जाईल आणि तोंडही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे दीडपट मोठे लागेल.

या सखल भागात आज खारफुटी लावली तर ती बुडेल, आणि तो भाग वर आणण्याचे दोन मार्ग आहेत. बाहेरून माती आणून भरणे हा एक. इंग्लंडमधील वॉलसी बेटावर लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वेमार्गाच्या बोगद्यांतून निघालेली सुमारे ३० लाख टन माती टाकून असे केले गेले, पण तिथे ती माती दुसऱ्या कामातून हाती आली होती. दुसरा मार्ग म्हणजे खाडीलाच गाळ आणू देणे. त्याचा वेग पाण्यातील गाळावर अवलंबून आहे, म्हणून भरतीच्या पाण्याचे नमुने उधाणाला आणि भांगाला (सर्वांत लहान भरतीच्या दिवसांत), पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूतही घ्यावेत. समुद्राची जागतिक सरासरी पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर वाढत होती, आणि वाढ ६-७ मिलिमीटरपलीकडे गेली तर खारफुटीला तिच्याबरोबर वर चढत राहणे जमण्याची शक्यता फार कमी, असे प्राचीन गाळाच्या नोंदींवरून २०२० मध्ये दाखवले गेले आहे. त्यामुळे गाळ कमी असेल तर सखल भाग वर येण्याची वाट पाहणे व्यर्थ ठरेल.

पण मला वाटते, ही अडचण किनारपक्षी यांच्या मागणीशी जुळते. उंच भाग योग्य पातळीवर आहे. तिथे शिरा मोकळ्या केल्या की खारफुटी स्वतः येईल. सखल भाग भरतीला खुला ठेवून उघडा चिखलपट्टा म्हणून राहू द्यावा, म्हणजे मिथेनही घटेल आणि ओहोटीला पक्ष्यांना चरायला जागाही मिळेल. भरतीच्या वेळच्या विश्रांतीसाठी बांधाचा मधला तुकडा पूर्ण न काढता, दोन्ही बाजूंनी तोडून आणि माथा उधाणाच्या पातळीच्या थोडा वर राहील इतका छाटून, बेट म्हणून ठेवता येईल. त्यावर झुडपे वाढू न देण्याची जबाबदारी मात्र दरवर्षी कोणीतरी घ्यावी लागेल, आणि तिचा खर्च प्रस्तावात आत्ताच लिहावा.

किनारपक्षी

बेटाची कल्पना मान्य आहे, पण एक दुरुस्ती सुचवते. ते बेट उरलेल्या बांधापासून इतके दूर असावे की कुत्री आणि कोल्हे ओहोटीला चिखलातून सहज चालत तिथे पोहोचणार नाहीत. मधली शीर त्यासाठी मुद्दाम खोल ठेवावी. आणि बांध फोडण्यापूर्वी किमान एका पूर्ण हिवाळ्याची पक्षीगणना, इथली आणि जवळच्या न छेडलेल्या दुसऱ्या एखाद्या पाणथळीची, एकाच दिवशी व भरतीच्या एकाच अवस्थेत करून ठेवावी. ती नसेल तर पुढे थवे वाढले काय किंवा घटले काय, त्याचे कारण तुमचे काम होते की त्या वर्षीचा स्थलांतराचा हंगाम, हे कोणालाही सांगता येणार नाही.